सगळ्यांची नावं झाल्यावर

दौलत,

तुझी तेरवी झाली, मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परत गेले, आणि तुझ्यावर रागावलेला एक माणूस मागे राहिला. तो मी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, आपलं भांडण झालं होतं. मला वाटलं होतं, दिवाळीच्या फराळाला तुझ्याकडे येईन तेव्हा उरलेलं भांडून घेऊ. तू दिवाळीपर्यंत थांबला नाहीस. चाळीस वर्षांत तू कुठेही वेळेवर पोचला नाहीस, आणि जायची तेवढी घाई केलीस.

वर्तमानपत्रांत तुझ्याबद्दल छापून आलं. फोटो चांगला घेतला होता, दाढीतला. 'ग्रामीण जीवनाचा चित्रकार' असं वर मोठ्या अक्षरांत. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, चित्रं कुठल्या कुठल्या शहरांत लागली, सगळं बरोबर होतं. एकच गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि ती तुझं घर आणि गाव सोडून बाहेर कधी गेलीच नाही. तुझ्या चित्रांच्या उजव्या कोपऱ्यात गेरूच्या रंगात जी तीन अक्षरं असतात, 'दौलत', ती तू कधीच लिहिली नाहीस. ती मी लिहायचो.

आपण दोघं चित्रकलेच्या शाळेत एका बाकावर होतो. तू मोहबोडीहून आलेला, भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावचा. मी शहरातला, गांधीबागेतल्या कापडदुकानांच्या मागच्या गल्लीतला. पहिल्या वर्षाच्या प्रदर्शनात तुझं चित्र लागलं, रोवणीचं. चिखलात वाकून धान रोवणाऱ्या चार बाया, सगळ्या पाठमोऱ्या. चित्र असं होतं की मी माझं चित्र गुंडाळून गुपचूप घरी नेलं. पण खाली तू तुझं नाव लिहिलं होतंस, आणि ते बघून आपले सर म्हणाले, "चित्र माणसानं काढलं आणि नाव कोंबडीनं लिहिलं." सगळा वर्ग हसला. तुझा चेहरा पडला. मी फडक्यानं ते नाव पुसलं, मनगट टेकवायची माझी काठी काढली, जमिनीवर बसलो आणि तुझं नाव लिहिलं. अक्षर ही एकच गोष्ट माझ्याकडे तुझ्यापेक्षा चांगली होती. तू माझ्यामागे उभा राहून बघत होतास. म्हणालास, "आता हे नेहमीच लिहा लागंन तुले." मला वाटलं, गंमत करतो आहेस.

दुसऱ्या वर्षी वडील गेले आणि मी शाळा सोडून दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. पाट्या रंगवणाऱ्याला आमच्याकडे पेंटर म्हणतात, म्हणून तू मला पेंटर म्हणायचास आणि मी तुला आर्टिस्ट. "काय बे पेंटर." "बोल आर्टिस्ट." पंधरा-पंधरा दिवस आपलं बोलणं याच्यापुढे जायचं नाही, कारण मी शिडीवर असायचो आणि तू सायकलीवर.

तुझी ती रीत मला सुरुवातीला वेडेपणा वाटायची. चित्र झालं की तू ते जुन्या लुगड्यात गुंडाळायचास, एसटीच्या टपावर बांधायचास आणि मोहबोडीला न्यायचास. मलाही ओढून न्यायचास, कारण माझा ब्रश लागायचा. कन्हानच्या पुलावर बस आली की तू खिडकीतून मान काढून टपाकडे बघायचास, वर तुझं पोर झोपलेलं असावं तसा. गावात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर चित्र उभं करायचं आणि गप्प बसायचं. कोणाला काही विचारायचं नाही, समजावून तर मुळीच सांगायचं नाही. हळूहळू रोवणीच्या बाया जमायच्या. पुढे पार्बताबाई, जिच्या हाताखाली ती सगळी टोळी रोवायची. मग त्या एका टोकापासून सुरू करायच्या. "हे कौसल्या. हे यमू. हे मी." चेहरा एकीचाही दिसत नसायचा. वाकलेल्या पाठी, खोचलेली लुगडी, पोटऱ्यांपर्यंत चिखल. त्या पाठींना त्या नावं देत जायच्या. सगळ्यांची नावं आली तर चित्र पास. एकीपाशी जरी अडल्या, "हे कोण होय वं?" असं कोणी म्हणालं, की नापास. लुगड्यात गुंडाळून चित्र परत टपावर.

पास झालं तरच मी ब्रश काढायचा. कोपऱ्यात शेतातल्या पाण्याची चार बोटं जागा तू माझ्यासाठी कोरी सोडलेली असायची. "सगळ्याइचे नाव झाल्यावर माहं," असं म्हणायचास. त्याआधी मी रंगाची डबी नुसती उघडली तरी तुला खपायचं नाही.

सरूचं आठवतं? तीन महिने खपून केलेलं चित्र होतं, आणि पार्बताबाई चौथीपाशी थांबली. "हे कोण?" तू बोलायचं नव्हतं, पण तुझ्या तोंडून निघून गेलं, "सरू आहे ना मावशी."

"सरू?" पार्बताबाई म्हणाली. "सरू डेबरी आहे, डाव्या हातानं रोवते. हे त कोणी दुसरीच होय."

सरू बाजूलाच उभी होती, पदर तोंडाला लावून हसत. परतीच्या बसमध्ये मी तुला म्हणालो, "अरे, एक हात. कोणाले कळून राहिलं?" तू म्हणालास, "सरूले कळलं ना." घरी येऊन ती पाठ पुसलीस. हात बदलला म्हणून खांदा बदलला, खांद्यापायी कंबर बदलली, आणि कंबर बदलल्यावर शेजारणीला सरकावं लागलं. सगळं चित्र तू नव्यानं केलंस. आज ते दिल्लीला एका मोठ्या दालनात आहे. तिथे बघायला येणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नसेल की मोहबोडीची सरू डेबरी आहे. मला माहीत आहे. ते चित्र आठवलं की माझी छाती फुगते, आणि त्यात मी लिहिलेली फक्त तीन अक्षरं आहेत.

मुंबईच्या प्रदर्शनाला मी तुझ्यासोबत आलो होतो, इस्त्रीच्या शर्टात. तिथे एक गृहस्थ भेटले, चांगले जाणकार होते. तुला म्हणाले, "तुम्ही या स्त्रियांना चेहरे देत नाही. कष्टकऱ्याला चेहरा नसतो, असंच म्हणायचं आहे ना तुम्हाला?" मला वाटलं, आता तू हो म्हणशील. इतकं छान वाक्य आयतं मिळालं होतं. तू शांतपणे म्हणालास, "चेहरे आहेत ना साहेब. तिकडल्या बाजूनं आहेत. आपण मागं उभे आहोत." मग म्हणालास, "अन आपल्या माणसाले पाठीवरून ओळखता नाही आलं, त तो आपला काहून म्हणाचा?" ते गृहस्थ वहीत लिहून घ्यायला लागले. मी भिंतीकडे वळून अक्षरं सरळ आहेत की नाहीत ते पाहायचं नाटक करत होतो, कारण माझे डोळे भरले होते. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच कामाचा वाटला नाही. तुला सांगितलं नाही. बाहेर येऊन म्हणालो, "चहा पाज, आर्टिस्ट." आज सांगतो आहे.

मग फ्लेक्स आलं. गांधीबागेतली माझी एकेक पाटी उतरली. ज्या दुकानाचं नाव मी चार दिवस शिडीवर बसून, प्रत्येक अक्षराला सावली देऊन लिहिलं होतं, तिथे एका सकाळी छापील चकचकीत कापड ताणलेलं दिसलं. मी दुकानात नुसता बसून राहायला लागलो. त्या दिवसांत तू मला एकदाही धीर दिला नाहीस, आणि ते फार बरं केलंस. धीर देणाऱ्यांचा मला वीट आला होता. तू फक्त दारात सायकल टेकवून सांगायचास, "सोमवारी मोहबोडीले जाचं आहे. ब्रश धुऊन ठेव." वर्षाकाठी चार-पाच चित्रं, म्हणजे चार-पाच वेळा तीन अक्षरं. पण त्यासाठी ब्रश धुऊन ठेवावा लागायचा, हात चालू ठेवावा लागायचा, सकाळी दाढी करून दुकान उघडावं लागायचं. या शहरातली माझ्या हातची सगळी अक्षरं गेली, दौलत. तुझ्या नावाची तेवढी राहिली. कुठल्या कुठल्या देशांतल्या भिंतींवर आज माझं अक्षर टांगलेलं आहे. ते माझं आहे हे तिथे कोणालाही ठाऊक नाही, आणि खरं सांगू, मला त्याचा आनंदच वाटतो.

आता भांडणाचं. ते टाळून चालणार नाही.

मागच्या वर्षी तुझ्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात मशीनवर पडून राहायचं आणि उरलेले दिवस चित्र काढायचं, असं तू ठरवून टाकलंस. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आलो. मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीनं रस्ते बंद होते, गल्लीबोळांतून वाट काढत पोचलो. ढोलांचा आवाज तुझ्या खोलीपर्यंत येत होता. चित्र पुरं झालं होतं, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. सहा बाया एका ओळीत, रोवत रोवत मागे सरकणाऱ्या. कोपऱ्याच्या जरा अलीकडे, बांधावर, डोक्याला शेला गुंडाळलेला एक माणूस पाठमोरा बसलेला. मी खुर्ची ओढली आणि बराच वेळ बघत राहिलो. तुझ्या हातात पेला धरायची ताकद राहिली नव्हती, आणि त्या बायांच्या पाठींत मात्र सहा दिवसांच्या रोवणीचा शीण उतरला होता.

"नाव टाकतो," मी म्हणालो. डबी झोळ्यात होतीच.

"बायाइनं नाही पाहिलं अजून."

"तुह्यानं जाणं होत नाही आता."

"त तू ने."

इथे माझं डोकं फिरलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. नाव टाकायच्या आधी तू गेलास तर काय, ही भीती. पण भीती वाटली की मी भांडतो, हे तुला माझ्या बायकोपेक्षा जास्त माहीत होतं. मी म्हणालो, "कोणाले दाखवू? यमू गेली, कौसल्या गेली. पार्बताबाईले दिसत नाही. पोरी कंपनीत जातात, धान मशीन रोवते. तुहं गाव आता तुह्या चित्रातच उरलं आहे, आर्टिस्ट. पास कराले कोणी नाही राहिलं."

आजारी माणसाला हे बोलायचं नसतं. तू उशीवरून मान चित्राकडे वळवलीस. मग विचारलंस, "अन चित्र? चित्र कसं झालं?"

मी अजून घुश्शातच होतो, म्हणून चूक शोधली. "बाया चांगल्या आहेत. पण हा बांधावरचा गुराखी फसला. गुराखी काठी अशी आडवी धरते का कधी? अन हा उजवा हात पाह्य, हातात काहीच नाही. हवेत काय करून राहिला तो? पुसून टाक त्याले. बाया पुरे आहेत."

"गुराखी?" तू म्हणालास, आणि हसायला लागलास. किती तरी दिवसांनी मोठ्यानं हसलास, खोकला येईपर्यंत. "मंग गावालेच विचारू."

"विचार," असं म्हणून मी चहा न घेता उठलो. आपलं तेच शेवटचं बोलणं. त्यानंतर तुझ्या मंजूचे दोन फोन आले, "बाबा विचारत आहेत, काका मोहबोडीला कधी जाणार?" मी म्हटलं, पाहू. जवळजवळ दोन महिने मी रुसून बसलो, दौलत. या वयात. त्याची लाज मला जन्मभर पुरेल, म्हणून इथेच एकदा माफी मागून घेतो.

तेरवीनंतर मंजू दुकानात आली. पोरगी तुझ्यासारखीच, कामाचं आधी बोलत नाही. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग सांगितलं की रविवारी तुझ्या चित्रांचं प्रदर्शन लागणार आहे आणि हे शेवटचं चित्र मधल्या भिंतीवर लावायचं आहे. "पण त्यावर सही नाही, काका. ते लोक म्हणतात, खाली 'अपूर्ण' असं लिहावं लागेल." तिचा आवाज तिथे फुटला. "बाबांनी ते पूर्ण केलं होतं. मी रोज पाहत होते. तुम्ही नाव टाकून द्या ना. कोणाला कळणार आहे?"

कोणाला कळणार आहे. सरूच्या हातापासून हेच मी तुला म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि कानाला टोचलं. मी म्हणालो, "मंजू, गाडी काढ. मोहबोडीले जाऊ."

"आणि नापास झालं तर?"

"त अपूर्ण."

तिला ते आवडलं नाही. पण ती तुझी मुलगी आहे, तिनं तुझं ते जुनं लुगडं शोधून आणलं. चित्र आम्ही मागच्या सीटवर आडवं ठेवलं. कन्हानचा पूल आला तसं तिनं मान वळवून मागे पाहिलं, आणि मी तोंड दुसरीकडे केलं.

गावात धान कापून झालं होतं. देवळाच्या ओट्यावर चित्र उभं केलं आणि मंजूला सांगून ठेवलं की आता काही बोलायचं नाही. बाया आल्या. तू गेल्याचं त्यांना कळलेलंच होतं. मंजूला जवळ घेऊन रडल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. पार्बताबाई काठी टेकत सगळ्यांच्या मागून आली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, जाड भिंगाचा चष्मा लागला आहे. तिला दिसत नाही असं मी तुला सांगितलं होतं ते खोटं निघालं. तिनं चष्मा पदरानं पुसला आणि चित्राकडे बघून म्हणाली, "हे दौलतनं पाठवलं का?"

"हो," मी म्हणालो.

पहिल्या पाठीपाशी सरू स्वतःच पुढे झाली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. "मीच होय हे. पाह्य, डेबरा हात." सगळ्या हसल्या आणि डोळे पुसले. दुसरी पार्बताबाई. तिसरीपाशी जुन्या बाया जरा घुटमळल्या. तेवढ्यात मागून एक तरुण बाई म्हणाली, "हे माही सासू होय. यमूबाई." अंगात मॅक्सी, खांद्यावर ओढणी, पायांत कंपनीचे काळे बूट. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. "धा वर्षं चुलीपुढं हेच पाठ पाहिली मी," ती म्हणाली. "पदर असाच खोचत होती."

माझं अर्धं भांडण तू तिथेच जिंकलास. कोणी राहिलं नाही म्हणालो होतो मी. चौथी कौसल्या, पाचवी मैना, सहावी बेबी. सहाही नावं झाली. मंजूनं माझा हात घट्ट धरला होता.

मग पार्बताबाई बांधावरच्या माणसापाशी आली. "हा कोण होय?"

बाया जवळ सरकल्या. एकीनं म्हटलं, गुराखी असेल. दुसरी म्हणाली, "आपल्या गावचा गुराखी असा नाही बसत." तिसरीनं विचारलं, "जावई होय का कोणाचा?" त्यावर हसू झालं. पार्बताबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, वाकून पाहिलं. शेवटी मान हलवली. "नाही बापू. बाया साऱ्या ओळखू आल्या. हा नाही येत."

नापास.

माझंच खरं ठरलं होतं. पुसून टाक म्हणालो होतो मी. आपलं खरं ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मंजू माझ्याकडे बघत होती, आणि मी लुगड्याची घडी उलगडायला घेतली.

तेव्हा पार्बताबाई म्हणाली, "पेंटरभाऊ, आलाच आहेस त हे मारुतीचं नाव करून दे. पोराइनं सायकली टेकवून टेकवून पुसलं." ओट्याच्या दर्शनी भिंतीवर, अगदी खाली, देवस्थानाचं नाव मीच लिहिलं होतं, तुझं कुठलं तरी चित्र पास झालं त्या फेरीत. मोहबोडीला गेलो आणि गावानं फुकट काम लावलं नाही, असं कधी झालं आहे? मी नाही म्हणणार होतो. पण ब्रश धुतलेला होता, डबी होती, आणि मला बायांकडे बघायचं नव्हतं. चित्राच्या शेजारीच जमिनीवर बसलो. ऊन होतं म्हणून शेला डोक्याला गुंडाळला. एक पाय दुमडला, दुसरा गुडघा वर, डाव्या हातात काठी आडवी धरून तिचं टोक भिंतीला लावलं, तिच्यावर उजवं मनगट टेकवलं आणि अक्षराच्या वरच्या रेघेला सुरुवात केली.

मागे त्यांचं बोलणं चालू होतं. मग ते बंद पडलं. मला वाटलं, कोणी मोठं माणूस आलं असेल.

"पाह्य वं," पार्बताबाईचा आवाज आला. "हा त पेंटर होय."

मी वळलो. सगळ्या जणी एकदा चित्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होत्या. सरू म्हणाली, "वळू नको गा. तसाच बस." मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्या मागे उभ्या राहून मोजून घेत होत्या. शेला तोच. गुडघा तोच. काठी पाह्य, आडवी. डावा खांदा जरा खाली, शिडीवर बसून बसून झालेला. यमूची सून म्हणाली, "हुबेहूब होय."

माणसाला आपली पाठ दिसत नाही, दौलत. माझी मी कशी ओळखणार? पण त्या पहिल्या प्रदर्शनापासून मी दर वेळी तुझं नाव लिहायला खाली बसायचो, आणि दर वेळी तू माझ्या मागे उभा असायचास. मला वाटायचं, अक्षरं बघतो आहेस. आपल्या माणसाला पाठीवरून ओळखता आलं पाहिजे, हे तू त्या गृहस्थांना सांगितलंस तेव्हा मी शेजारीच उभा होतो, आणि माझा नंबर त्यात कधी लागेल असं मनातही आलं नाही. सरूच्या, यमूच्या, पार्बताबाईच्या ओळीत तू मला बसवलंस. पेंटरला. मी रडलो. तोंड भिंतीकडे होतं ते बरं झालं.

"पास का, मावशी?" मी न वळताच विचारलं.

"पास," पार्बताबाई म्हणाली. "टाक त्याचं नाव."

मारुतीचं अक्षर अर्धं ठेवून मी तुझ्या चित्रापुढे सरकलो. मारुतीनं एवढं समजून घेतलं असेल. ब्रश धुतला, गेरूचा रंग घेतला, आणि तू सोडलेल्या चार बोटं पाण्यात तीन अक्षरं लिहिली. घाई केली नाही. इतक्या वर्षांत लिहिलेल्यांपैकी हे सगळ्यांत चांगलं झालं, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगतो. रविवारी चित्र मधल्या भिंतीवर लागेल, आणि खाली 'अपूर्ण' असं कोणी लिहिणार नाही.

मग मी उठलो आणि पहिल्यांदाच, तू उभा राहायचास तिथे, मागे जाऊन बायांमध्ये उभा राहिलो. बांधावरच्या माणसाची रिकामी बोटं तुझ्या नावाच्या पहिल्या रेघेपाशी टेकली होती. हवेत काय करून राहिला तो, असं मी तुला विचारलं होतं.

तो तुझं नाव लिहून राहिला होता.